बंड्या आणि चिंगीचं होल प्रे : चिंगी पास, बंड्या अर्ध्यावर

बंड्या आणि चिंगी हे माझे दोन फेरेट (मुंगसासारखा लांबट, मांसाहारी पाळीव प्राणी), आणि होल प्रे म्हणजे त्यांना हाडा-केसांसकट अख्खा प्राणी खायला देणं. चिंगी आता अख्खा उंदीर मुंडीपासून शेपटीपर्यंत खाते, काही मागे ठेवत नाही. सुरुवात नेहमी डोक्यापासून, मान तिरकी करून मागच्या दाढांनी कवटी फोडते तो कुडुम आवाज जिन्यापर्यंत ऐकू येतो, आणि चावताना डोळे बारीक करते. शेवटी शेपटी नूडलसारखी आत ओढते. खूप बरं वाटतं बघून.

बंड्याची गोष्ट वेगळी आहे. तो रेस्क्यूमधून आला तेव्हाच चार वर्षांचा होता आणि आयुष्यभर फक्त किबल (दुकानातलं कोरडं दाणेदार खाणं) खाल्लेलं. फेरेटला काय खायचं हे पहिल्या सहाएक महिन्यांत नाकात पक्कं बसतं, त्या काळात जो वास आला नाही ती वस्तू त्याच्यासाठी जेवणच नसते. म्हणून तो उंदीर हुंगतो, तोंडात धरून सोफ्याखाली नेऊन ठेवतो आणि परत येऊन वाटीकडे बघत बसतो. ज्यांचे मोठे फेरेट असं करतायत त्यांनी प्लीज याला हट्टीपणा म्हणू नका आणि "भूक लागली की खाईल" म्हणून उपाशी तर अजिबात ठेवू नका, यांचं पचन तीन-चार तासांत उरकतं आणि मोठ्या वयात इन्सुलिनोमा (स्वादुपिंडातली जास्त इन्सुलिन सोडणारी गाठ) खूप कॉमन आहे, साखर पटकन खाली जाते.

माझं मत असं झालंय की आधी वास बदलायचा, मग टेक्स्चर, आणि आकार सगळ्यात शेवटी. त्याच्याच किबलची पूड करून त्यात कोंबडीच्या पिल्लाचं मांस बारीक वाटून कोमट पाण्यात पातळसर पेस्ट केली, पहिले काही दिवस बोटावरून चाटवली, मग वाटीतून. ते जमल्यावर पाणी कमी करत तुकडे मोठे करत गेलो, मग हाडासकट पंख. सध्या पोटाला चीर दिलेला उंदीर देतोय आणि वरून तीच पेस्ट जरा चोळतोय. काळीज आणि हृदय आवडीनं खातो, मागचे पाय पण खातो, पण केसांचा भाग आला की थांबतो. किबल अजून शेजारी असतंच, ते एवढ्यात काढणार नाही. दोघांचं वजन दर आठवड्याला किचनच्या काट्यावर करतो, बंड्याचं उतरलेलं नाही, म्हणून मी निवांत आहे.

प्रेपबद्दल बऱ्याच जणांनी विचारलेलं. आम्ही इंग्लंडमधे लीड्सला असल्यामुळे फ्रोझन उंदीर आणि एक दिवसाची पिल्लं सहज मिळतात (अंड्यांच्या धंद्यात नर पिल्लं नको असतात, तीच ही). घरात बाकी सगळे शाकाहारी आहेत म्हणून गॅरेजमधे वेगळा छोटा फ्रीझर, वेगळी सुरी, वेगळा बोर्ड. रात्री फ्रीजमधे डबा बंद करून वितळायला ठेवायचं, सकाळी पिशवीत घालून कोमट पाण्यात धरायचं, अंगाएवढं गरम झालं की वास सुटतो आणि बंड्यासारख्याला तोच फरक पडतो. मायक्रोवेव्ह नको, पोट फुटतं आणि हाडं शिजतात, शिजलेलं हाड फुटून टोकदार होतं. आणि फ्रीझ केलं म्हणजे साल्मोनेला मेला असं नाही, थंडीत तो नुसता थांबतो, त्यामुळे हात साबणाने धुवायचे आणि सोफ्याखालचा साठा रोज शोधून काढायचा.

पिल्लं स्वस्त आहेत पण फक्त त्यांच्यावर ठेवू नका. एकेक ३५-४० ग्रॅमचं असतं, हाडं अजून कोवळी आणि पोटात पिवळा बलक, जास्त दिली की शी पिवळी आणि सैल होते. चिंगीला मधून मधून देतो, बलक काढून. मुख्य जेवण उंदीर, कारण त्यात हाड, अवयव, केस सगळं मापात येतं, नुसत्या चिकन ब्रेस्टमधे कॅल्शियम जवळपास नसतंच. उंदरावर शी गडद, कमी आणि केसांमुळे पिळलेली येते, ती नॉर्मल आहे, घाबरू नका.

शेजारी एक आजोबा आहेत, अजून जाळी लावून फेरेटिंग (फेरेट बिळात सोडून ससे पकडणं) करतात, त्यांनी एक ससा दिला. जाळीतला असल्यामुळे त्यात शिशाचे छर्रे नाहीत ही मोठी गोष्ट. बंदुकीचा ससा मिळाला तर मी घेणार नाही, छर्रे सगळे सापडतील याची खात्री कशी देणार. थोडे दिवस फ्रीझ करून मग कातडीसकट पुढचा पाय चिंगीला दिला, तासभर ओढत बसली होती आणि नंतर गाढ झोपली.

बर्ड फ्लूचं मात्र डोक्यात ठेवा. फेरेटला फ्लू आपल्यासारखाच होतो, १९३३ साली लंडनमधे माणसाचा फ्लू व्हायरस पहिल्यांदा वेगळा केला तो फेरेट वापरूनच. फ्रीझरमधे व्हायरस टिकतो, त्यामुळे पिल्लं कुठून येतात हे दुकानदाराला स्पष्ट विचारा आणि रानात मेलेला पक्षी सापडला तर तो कितीही ताजा दिसला तरी देऊ नका. आपल्याला ताप-सर्दी असली तरी त्यांच्यापासून लांब राहायचं, मी मास्क लावून वाटी ठेवतो.

पुढे बंड्यासाठी बटेर ट्राय करणार आहे, पिसं काढून, कारण पक्ष्याचा वास त्याला आता ओळखीचा झालाय. केसांवर अडलेला मोठा फेरेट कोणी पुढे नेला असेल तर नक्की सांगा, कातडी सोलून सुरुवात केली की थेट केसांसकट लहान उंदीर दिला, आणि मधे किती दिवस थांबलात.