सक्शनला हवा ओढतंय

बुधवार, १ ऑक्टोबर २०२५. खंडेनवमी

सकाळी कारखान्यात पूजा. बेळगावच्या उद्यमबागेत आज कुठल्याही शेडसमोरून गेलं तरी झेंडू, ऊदबत्ती आणि कूलंट यांचा मिळून एकच वास. दोन्ही लेथना हार घातले, दारात कोहळा फोडला, पेढे वाटले आणि बाराच्या आत सुट्टी. तिथूनच गाडी पिरनवाडीवरून जांबोटी रस्त्याला लावली. किणयेच्या पुढं पावसाची एक सर लागली, पण गावात पोचेपर्यंत ऊन पडलं होतं.

घरी ओसरीवर पूजा मांडलेली. कोयता, कुदळ, विळे, पहार, आणि सगळ्यांत शेवटी भिंतीला टेकवून पेट्रोलवर चालणारा ग्रास कटर. बायकोनं त्यालाही हळदकुंकू लावलं, हँडलला झेंडू बांधला. आज हत्याराला काम सांगायचं नसतं हे मलाही माहीत आहे. पण काजूच्या बागेत रानमोडीचं तण कमरेएवढं झालंय, सुट्टी दोनच दिवस. म्हटलं, नुसतं चालू होतंय का तेवढं बघू.

चोक दिला, दोरी ओढली, चौथ्या ओढीला चालू. चोक काढला, बंद. परत चोक, परत चालू. हळूच रेस दिली की घुसमटल्यासारखं करायचं आणि गप्प. दहाबारा वेळा हेच. शेवटी आई आतून म्हणाली, "पूजेच्या दिवशी त्याला कशाला दमवालास रे? असूंदे की आजच्या दिवस."

असू दिलं.

शुक्रवार, ३ ऑक्टोबर

दसरा सोनं वाटण्यात आणि पाहुण्यांत गेला. आज सकाळपासून कटर घेऊन बसलो.

एअर फिल्टर धुतला. प्लग नवीन घातला. जुन्या प्लगचं टोक पांढुरकं झालं होतं. ते कॉफीसारखं तपकिरी असायला हवं. पांढरं म्हणजे पेट्रोल कमी, हवा जास्त. एवढं वाचता येत असूनही मी काय केलं, तर कार्बोरेटर, म्हणजे पेट्रोल आणि हवा मिसळणारा भाग, खोलला, जेटचं बारीक भोक फुंकलं आणि परत बसवला. फरक शून्य.

दुपारी बाजारातल्या मेकॅनिककडे नेलं. त्यानं दोनदा दोरी ओढली, कान दिला आणि निकाल सांगितला, "कार्बोरेटर गेलाय. नवीन घालूया. अठराशे." पेट्रोलच्या नळीला बोटसुद्धा लावलं नाही. अर्थात मी तरी कुठं लावलं होतं! सांगतो म्हणून परत आलो. दोन माणसं लावून अर्ध्या बागेची रानमोडी कोयत्यानं काढली. हाताला फोड.

शनिवार, ४ ऑक्टोबर

आज कारखान्यात एक गिऱ्हाईक आलं. त्याच्या प्रेसचा पॉवर पॅक, म्हणजे तेलाचा पंप आणि टाकी, आवाज करतोय, पंपात खडे घातल्यासारखा. टाकीतल्या तेलाला ताकासारखा फेस. म्हणाला, पंप बदलून द्या. मी हातातलं काम न थांबवता त्याला सांगितलं, "पंपाला हात लावू नका. सक्शनला हवा ओढतोय. आधी नळी बघा, क्लिप बघा."

हे वाक्य मी गेल्या वीस वर्षांत किती लोकांना ऐकवलं असेल. प्रेशरची नळी फुटली की तेल बाहेर उडतं, आंधळ्यालाही कळतं. सक्शनच्या, म्हणजे टाकीतून पंपाकडं तेल ओढणाऱ्या नळीचं तसं नसतं. तिला चीर पडली तर बाहेर थेंब येत नाही, उलट बाहेरची हवा आत जाते. नळी वरून कोरडी, साळसूद. म्हणून माणूस पंपावर संशय घेतो.

गिऱ्हाईक गेलं आणि मी व्हर्नियर हातात धरून तसाच उभा. माझा कटर दुसरं काय करतोय? चोक दिला की हवेची वाट बंद होते, पेट्रोल जास्त ओढलं जातं, तेवढ्यापुरतं भागतं. चोक काढला की आधीच हवा मिसळलेलं पेट्रोल आणि वरून आणखी हवा. बंद पडणारच. पोरांसमोर काही बोललो नाही.

संध्याकाळी फोर्ट रोडला एका स्पेअरच्या दुकानात गेलो. काउंटरवरच्या माणसानं कानडीत विचारलं, "एष्टु बेकु?" किती पाहिजे. म्हटलं, "ओंदु मीटर, पेट्रोलदु." त्यानं दोन बंडलं पुढं केली. एक पांढरी पारदर्शक, लेव्हल बघायला गवंडी वापरतात तसली, स्वस्त. दुसरी काळी, तेल-पेट्रोल सोसणाऱ्या नायट्राइल रबराची. पांढरी दिसायला छान, आतलं पेट्रोलही दिसतं. पण साध्या पीव्हीसीची नळी पेट्रोलमध्ये थोड्याच दिवसांत काठीसारखी कडक होते. सिलिकॉन तर फुगतंच. आमच्याकडे ओ-रिंगही नायट्राइलच्याच, फार तापणाऱ्या जागी व्हायटन. काळी घेतली, साठ रुपये मीटर. सोबत टाकीतला फिल्टर आणि टाकीच्या भोकात बसणारं रबरी बूच.

रविवार, ५ ऑक्टोबर

आज सविस्तर लिहितो, कारण पुढच्या वेळी मीच विसरणार.

सकाळी अंगणात, घरापासून लांब, आंब्याखाली पोतं अंथरून बसलो. देवघरात अखंड दिवा नव्हता आता, पण चूल पेटलेली होती. आधी टाकी रिकामी केली. आतलं पेट्रोल जूनमध्ये टू-टी ऑइल, म्हणजे टू-स्ट्रोक इंजिनाचं तेल, घालून कालवलेलं, म्हणजे चार महिने जुनं. बाटलीत ओतून उजेडाला धरलं. वास रंगाच्या डब्यासारखा उग्र, आंबूस.

कार्बोरेटरकडं जाणाऱ्या नळीला नुसतं बोटानं वाकवलं. शेवेसारखी कट्कन मोडली. बाहेरून काळी, गुळगुळीत, काही झालंय असं वाटणार नाही. मोडलेल्या जागी भिंग धरलं तर आतून बारीक बारीक भेगा, उन्हाळ्यात तळं आटल्यावर चिखलाला पडतात तशा. दुसरं टोक टाकीच्या बुचाशीच तुटलं आणि फिल्टर आत पडला. टाकी हलवली की खुळखुळ्यासारखा वाजायचा. सायकलच्या स्पोकला आकडा करून तो बाहेर काढायला पाव तास गेला. पुतण्या शेजारी बसून मोजत होता, "काका, सातव्यांदा सुटला."

या मशीनला नळ्या दोन. एक फिल्टरपासून कार्बोरेटरला येणारी. दुसरी, खाली जो रबरी फुगा असतो, पेट्रोल चढवायला दाबतो तो, तिथून टाकीत परत जाणारी. जुन्या तुकड्यांना व्हर्नियर लावला. बाहेरून पाच मिलिमीटर, आतून अडीच. आणलेली नेमकी तेवढीच.

नळी बुचातून घालणं हेच खरं काम. सरळ कापलेलं टोक भोकात शिरत नाही. पेनाच्या निबासारखं तिरकं कापायचं, टू-टी ऑइलचा थेंब लावायचा, टोक आत सारायचं आणि टाकीच्या तोंडातून नोजप्लायरनं धरून ओढायचं. मग तिरका भाग कापून टाकून फिल्टर खोवायचा. लांबीचाही हिशोब असतो. मशीन आपण वाकडंतिकडं धरतो, पेट्रोल ज्या कोपऱ्यात जाईल तिथं फिल्टर लोळत पोचला पाहिजे. नळी आखूड पडली तर अर्धी टाकी भरलेली असताना मशीन बंद पडेल, फार लांब झाली तर आत दुमडेल. टाकी कलती करून चारही कोपऱ्यांत फिल्टर टक् वाजतो का ते ऐकलं.

सगळं बसवलं, नवीन पेट्रोल कालवून टाकीत ओतलं, फुगा दाबला. काहीच नाही. दाबतोय, दाबतोय, टाकीत नुसते बुडबुडे. दोन मिनिटं स्वतःवर चिडलो, मग लक्षात आलं. दोन्ही नळ्यांची अदलाबदल केली होती. फुगा फिल्टरमधून फुंकत होता आणि वरच्या मोकळ्या टोकानं हवा ओढत होता. काढण्याआधी मोबाइलवर फोटो काढायचा हे मी कारखान्यात पोरांना ओरडून सांगतो. उलटं करून लावल्या. सहाव्या दाबाला फुग्यात लालसर पेट्रोल आलं, फुगा टणक लागला.

 या मशीनला पेट्रोल चाळिसास एक कालवायचं, म्हणजे लिटरला पंचवीस मिलि टू-टी. तिसऱ्या ओढीला चालू. चोक काढला. चालूच.

तसंच दोन महिने रेटलं असतं तर काय झालं असतं, हे नंतर चहा पिताना डोक्यात आलं. असल्या टू-स्ट्रोकला वंगणाची वेगळी टाकी नसते, तेल पेट्रोलमधूनच जातं. नळीतून हवा गेली की पेट्रोल कमी, म्हणजे तेलही कमी. इंजिन तापतं, पिस्टनला ओरखडे पडतात, एखाद्या दिवशी जाम. मग अठराशेच्या कार्बोरेटरनंही भागलं नसतं.

आता नळी का गेली. पंपावर मिळतं ते आता वीस टक्के इथेनॉलचं पेट्रोल. सरकारनं २०३० चं उद्दिष्ट २०२५ वर आणलं होतं, ते गाठलंही. इथेनॉल जुन्या रबराला मानवत नाही, शिवाय हवेतला ओलावा ओढून घेतं. आमच्या जांबोटी-कणकुंबीकडच्या पावसात डबा चार महिने ठेवला तर ओलाव्याला काय तोटा! पाणी जास्त झालं की इथेनॉल आणि पाणी मिळून खाली बसतं, तेल वर पेट्रोलमध्येच राहतं, आणि फिल्टर नेमका तळाशी. म्हणून महिन्याभरात संपेल एवढंच कालवायचं.

हे इथेनॉल करणाऱ्यांत आपल्याच जिल्ह्यातले साखर कारखाने आहेत. मका आणि तांदळापासूनही होतं, पण इथं इथेनॉल म्हटलं की ऊसच आठवतो. संकेश्वरच्या मेव्हण्याला फोन करून म्हटलं, तुमच्या उसानं माझी नळी खाल्ली. तो म्हणाला, "दाजी, आमचा ऊस अजून फडात उभा हाय, आन् तुमी त्याच्यावर आत्ताच आळ घालालाय होय!"

त्याचं खरं आहे. सगळा आळ उसावर घालण्यात अर्थ नाही. नळी सहा वर्षांची. मशीन मी टांगतो ती भिंत पश्चिमेची, रोज दुपारी दोन तास ऊन. आणि पावसाळ्याआधी टाकी रिकामी करून, बंद पडेपर्यंत मशीन चालवून ठेवायचं असतं, ते मी एकदाही केलेलं नाही. रबराला मारणारे तिघेचौघे, त्यांत मी एक.

दुपारी तीन ते सहा राहिलेली रानमोडी कापली. एकदाही बंद पडलं नाही. अंगाला पेट्रोलचा आणि कापलेल्या पाल्याचा वास, दोनदा आंघोळ करूनही जात नाही.

सोमवार, ६ ऑक्टोबर. कोजागिरी

आज रजाच टाकली. रात्री दूध आटवायला ठेवलं होतं, तेवढ्यात शेजारचे तात्या आले. खांद्यावर त्यांचा कटर. "चोक काढला की बंद पडालंय बघ. त्या मेकॅनिकनं नवा कार्बोरेटर घातला, अठराशे घेतले. तरी तेच."

बॅटरी धरून नळी बघितली. पांढरी पारदर्शक होती कधीतरी, आता मधासारखी पिवळी आणि तारेसारखी ताठ.

चांदण्यात पोतं अंथरलं. माझी उरलेली नळी मोजली. अठ्ठेचाळीस सेंटीमीटर.

"पुरते काय रे?" तात्या म्हणाले.

"दोन्हीला पुरते. आधी फोटो काढूया."