भाच्यासाठी बघतोय

शनिवार, रात्री

मला भाचा नाही, हे आधी लिहून ठेवतो. जुई आहे, पण ती भाची, ती सातवीत आहे आणि तिला सायकलचं काडीचं प्रेम नाही.

सायकलच्या दुकानातल्या पोराने विचारलं, "कोणासाठी बघताय काका?" आणि मी म्हणालो, "भाच्यासाठी." सेकंदभरसुद्धा लागला नाही. ऑफिसात एक साधी रजा टाकताना कारण जुळवायला मला अर्धा तास लागतो. इथे अख्खा भाचा जन्माला आला, तोही मोठा होऊनच.

"उंची?"
"माझ्याएवढीच."
"वजन?"
"अठ्ठ्याहत्तर."

अठ्ठ्याहत्तर हे माझं लग्नातलं वजन. आज सकाळी काट्यावर १०८. पुढे पोराने विचारलं, चालवणार कुठे. म्हटलं, रविवारी त्र्यंबक रोड, एरवी सोमेश्वरपासून गंगापूर धरणापर्यंत. नोकरी? अंबडला. आधी चालवायचा का? हो, कॉलेजात रोज चालवायचा, मग सुटली. म्हणजे उंची माझी, नोकरी माझी, रस्ता माझा, सुटलेली सायकलही माझी. फक्त वरचे तीस किलो तेवढे मी दाराबाहेर चपलांपाशी काढून ठेवले होते.

पोरगा मन लावून सांगत होता. ७८ किलोला ही घ्या, २४ आऱ्यांची चाकं, २५ मिलिमीटरचा टायर, हलकी आहे, पळते मस्त. एका बोटावर उचलून दाखवली. पाऊण तास मी ऐकत होतो, माना डोलावत होतो, मधेच "त्याला ब्रेक कुठले बरे पडतील?" असंही विचारत होतो. या जगात नसलेल्या माणसासाठी पाऊण तासाचा फुकट सल्ला घेऊन मी घरी आलो. माझ्या कामाचा त्यातला एक शब्द नाही.

निघताना हँडलला लटकवलेली पुस्तिका चाळली. कमाल वजन ११० किलो. खाली बारीक अक्षरात: स्वार, सायकल आणि सामान मिळून. मी १०८, ती ११, भरलेली बाटली, पंप, कुलूप. म्हणजे मी नुसतं बसलो तरी तिच्यावर दहाएक किलोचा गुन्हा.

सुमाला सांगितलं, नुसतं बघायला गेलो होतो. ते खरं होतं.

रविवार, पहाटे

झोप नाही. पुन्हा तेच. का म्हणालो भाच्यासाठी?

आधी वाटलं, पोराच्या प्रश्नातच खोच होती. "कोणासाठी" म्हणजे "तुमच्यासाठी नक्कीच नाही." पण नाही. माझ्या आधी त्या पंजाबी ड्रेसवाल्या बाई होत्या, शिडशिडीत, त्यांनाही त्याने हेच विचारलं होतं. त्या म्हणाल्या, "माझ्यासाठी." इतकं सोपं होतं.

मग वाटलं, वजन सांगायची लाज. पण ती लाज मला नाही. मे महिन्यात डॉक्टरांसमोर सांगितलंच की, ते जे काही म्हणाले तेही ऐकून घेतलं. ते जाऊ दे. ऑफिसात लिफ्टची घंटी वाजली की मीच पहिला बाहेर पडतो, हसत. वजनावर मी स्वतःच विनोद करतो, दुसऱ्याला संधी ठेवत नाही.

फ्रिज घेताना मी भाच्यासाठी म्हणालो नव्हतो. टीव्ही घेताना नाही. गुडघ्याचा पट्टा घेताना तर मुळीच नाही, मोठ्याने म्हणालो होतो, मला हवाय, एक्सएल द्या. गुडघ्याचा पट्टा लागणं चालतं. सायकल हवी असणं...

इथपर्यंत येतं आणि पुढे वाक्य होत नाही.

हे शहरही तसं नडतं. २०१५ साली महाजन डॉक्टर बंधू दोघांत मिळून सायकल शर्यतीत अमेरिका आडवी पार करून आले, ४,८०० किलोमीटर, नऊ दिवसांच्या आत. दोन वर्षांनी कर्नल गोकुलनाथांनी तीच शर्यत एकट्याने पुरी केली. तेव्हापासून नाशिकात सायकल म्हणजे काहीतरी मोठंच प्रकरण झालंय, निदान मला तरी तसं वाटतं. आषाढात शेकड्यांनी लोक सायकलवर पंढरपूरला जातात. पहाटे गंगापूर रोडला घट्ट कपड्यातली माणसं सूं करून जातात आणि मी दुधाची पिशवी घेऊन कडेला उभा असतो. आमच्या वेळी सायकल ही गाडी परवडत नाही म्हणून असायची. आता पोटाला परवडत नाही म्हणून नसते.

सातपूर ते केटीएचएम कॉलेज, रोज, दादाच्या ॲटलस सायकलवर. पुढच्या दांडीवर बाबू, मागे कॅरिअरवर दप्तरं. बाबूला विचारलं तर तो म्हणतो तो मागे बसायचा. २०२० च्या ३ जूनला ॲटलसचा साहिबाबादचा कारखाना बंद पडला, नेमका जागतिक सायकल दिनाला. ती बातमी मी दादाला पाठवली होती. त्यावर त्याने जे लिहिलं ते अजून फोनमध्ये आहे. असो.

रविवार, दुपारी

ओट्याखालचा सिलिंडर बदलला आणि गंमत सुचली. आत १४.२ किलो गॅस, वर टाकीचं वजन, म्हणजे भरलेला साधारण ३० किलो. मी साडेतीन सिलिंडर.

आता यात रडण्यासारखं होतं. पंधरा मिनिटं रडवेला बसलोही. मग आठवलं की सातपूरच्या आमच्या कॉलनीत गॅसवाला सायकलवरच यायचा. कॅरिअरवर एक, बाजूला आकडे लावून दोन, आणि वर तो स्वतः. दीडशे किलो सहज. काळी सायकल, चढावर उतरून ढकलायचा, पण सायकलने कधी हूं केलं नाही. गवळ्याच्या सायकलला चार चार कॅन. आणि दांडीवर बायको, तिच्या मांडीवर पोर, मागे सासू असं कुटुंब तर नाशिक रोडपर्यंत जायचं.

त्या सायकलला पुढे ३२ आरे असतात आणि मागे ४०. मुद्दाम, कारण वजन मागे येतं. मला जी बोटावर उचलून दाखवली तिला २४. दोष माझा की आऱ्यांचा, असा एक प्रश्न पहिल्यांदा डोक्यात आला आणि जेवण बरं गेलं. सुमा म्हणाली, दोनच पोळ्या म्हणाला होतात. म्हटलं, गॅसवाल्याचा विचार करत होतो. ती बघत राहिली.

मंगळवार

भद्रकालीत सायकल दुरुस्तीवाल्या चाचांकडे गेलो. चाचा अजून तिथेच, गुडघ्यात चाक धरून बसलेले. त्यांनी मला ओळखलं नाही, बरंच झालं. इथेही भाच्याची तयारी करूनच गेलो होतो. तोंड उघडायच्या आत त्यांनी मला वरून खाली पाहिलं, पोत्याकडे हमाल पाहतो तसं, आणि म्हणाले, "शंभरच्या वर आहात. एकशे दहा?"

"एकशे आठ."

"हां." आणि पुन्हा चाकात डोकं. बस्स. एवढंच. अठ्ठ्याण्णव म्हणालो असतो तरी असंच "हां" म्हणाले असते.

मग डब्यातून एक एक्सल काढला आणि फरशीच्या तुकड्यावर ठेवून बोटाने ढकलला. सरळ एक्सल गडगडत जातो. हा लंगडत गेला. उचलला, खाली ठेवला, उठला, बसला, फरशीच्या कडेला जाऊन थांबला. "स्वस्तातली गियरवाली," चाचा म्हणाले. "मागे सात चकत्यांचं फ्रीव्हील. उजवीकडचे छर्रे पार आत राहतात, बाहेर एवढा एक्सल उघडा." अंगठा आणि बोटात दोन इंच दाखवले. "जड माणूस बसला, खड्डा आला, वाकला. गाडी वाईट नाही. तुमच्यासाठी नाही." फ्रीहब असेल तर घ्या म्हणाले. त्यात छर्रे पार टोकाशी असतात, एक्सलला दोन्हीकडून आधार. आठ चकत्यांपासून वर बहुतेक तेच येतं.

मी वही काढली तेव्हा हसले, पण सांगत राहिले. २५च्या टायरला माझ्या वजनाला ११० पीएसआयच्या पुढे हवा ठासावी लागेल, मग आपल्या रस्त्यांवर दात मोजत जायचं. हवा कमी ठेवली तर ट्यूब रिमवर चिमटून दोन भोकं. ३२चा टायर बघा, ८०ला भागेल. पण तो साध्या ब्रेकांच्या चिमट्यात मावत नाही, तेव्हा डिस्क ब्रेक. पुढची लहान चकती ३४ दातांची, मागची मोठी जमलं तर ३४. मग एका पायडलला चाकाचा एकच फेरा, चढावर गुडघा शिव्या देणार नाही.

मधे ते आरे दोन दोन धरून दाबत होते, नखाने टिंग टिंग वाजवत होते. एक आरा बद्द वाजला. किल्लीने पाव फेरा दिला, पुन्हा वाजवला. आता बाकीच्यांसारखा. "नवी गाडी दोन-तीनशे किलोमीटर चालली की आणा. आरे सैल पडतात. जड माणसाने एवढं एक विसरायचं नाही. बाकी काही नाही."

जड माणूस. एवढ्या वेळात चारदा म्हणाले आणि मला एकदाही काही झालं नाही. शनिवारी तर कोणी म्हणालंच नव्हतं.

गुरुवार

पुन्हा त्याच दुकानात. वाटेत तीन वेळा पाठ केलं: माझ्यासाठी बघतोय, १०८ किलो आहे, आठ गियर, डिस्क, ३२चा टायर. "माझ्यासाठी" वर सिग्नलला थांबलो असताना मोठ्याने म्हणालो. शेजारच्या रिक्षावाल्याने बघितलं.

आत शिरलो. पोरगा ओळखून हसला. "काका, भाचा नाही आला?"

"नाही रे. तो पुण्याला गेलाय."

मी नाही म्हणालो ते. शपथ. तोंड आपणहून म्हणालं.

पोरगा थोडा वेळ गप्प राहिला. मग म्हणाला, "मग तुम्हीच बसून बघा ना. उंची सेम म्हणाला होतात." चेहऱ्यावर काही नाही. त्याला कळलंय का? अजून ठरवता येत नाही. हुशार असेल तर कळलं असणार, आणि सज्जन असेल तर मुद्दाम म्हणाला असणार. बावीस वर्षांच्या पोराने आपल्याला सांभाळून घेणं हेही एक वजनच आहे, पण त्याचं मग बघू.

म्हटलं, ती परवाची नको, त्याला जरा दणकट लागेल. त्याने मागून एक काढली. करडी, डिस्कवाली, शिमानो क्लॅरिसचे आठ गियर, ३२चे टायर, चाकाला २८ आरे. पुस्तिका आधी वाचली. सगळं मिळून १३० किलो. त्याने सीट वर घेतली, मी बाहेरच्या गल्लीत काढली.

पहिले दहा फूट भयंकर. हँडल खाली, पोट मध्ये, पायडल वर आलं की गुडघा पोटाला विचारतो जाऊ का. दोन्ही हातांवर सगळा भार. चहाच्या टपरीवरचे दोघे बघत होते. मग गल्ली जराशी उतरते तिथे पायडल मारायचं थांबलो आणि मागे ती बारीक टिकटिक सुरू झाली. दादाच्या सायकलची जाड होती, हिची बारीक. वळून आलो. आणखी एक फेरी मारली. पोरगा दारात हाताची घडी घालून उभा होता, त्याने हाक मारली नाही. तिसरीही मारली.

"आवडेल भाच्याला?"

"हँडल जरा वर घ्यावं लागेल. पोट आहे त्याला."

"अठ्ठ्याहत्तर म्हणाला होतात ना?"

"वाढलंय."

"होतं हो," पोरगा म्हणाला आणि स्टेम, म्हणजे हँडल धरणारा तुकडा, उलटा लावून हँडल वर घ्यायला आत घेऊन गेला.

४२ हजार. सुमाला ३० सांगितलेत. जीएसटी १२चा ५ झाल्यामुळे बरंच सुटतंय, हे मी तिला अशा सुरात सांगणार आहे की जणू सरकारने माझ्याशी बोलून केलं. दोन हजार आगाऊ दिले, पुढच्या शनिवारी मिळेल. पावतीवर नाव विचारलं तेव्हा माझंच सांगितलं. भाच्याचं नाव काय ठेवायचं ते वेळेवर सुचलंच नाही.

जागेचा प्रश्न आहे. जिन्याखाली बाबूची पेटी. माळ्यावर दादाची ॲटलस पडून आहे, ती खाली काढली तर... बघू. रात्री शिडी लावून तिचा पंप तेवढा शोधून काढला. तळव्यावर दाबून पाहिला, अजून वारा येतो. पण तो हिला बसायचा नाही. त्या सायकलला वालट्यूब, हिचा वॉल्व्ह बारीक, वेगळाच. पंप नवा घ्यावा लागेल, बाराशे धरून चालू.