ओट्यामागची दोन फूट भिंत: आमची वाटचाल

वडिलांचं दुकान सिमेंट, लोखंड आणि शहाबादी फरशीचं. अमरावती जिल्ह्यातला वरूड-मोर्शीकडचा संत्रापट्टा, आठवडी बाजाराचा रस्ता आणि टिनाचं शेड. तेव्हा आमच्या भागात स्वयंपाकाच्या ओट्यावर कडप्पा टाकत आणि मागच्या भिंतीला हातभर ऑइल पेंट मारत. टाइल मागायला कोणी आलं तर न्हाणीघरासाठी, तीही पांढरी. २००९ मध्ये मी गल्ल्यावर बसायला लागलो आणि गुजरातेतल्या मोर्बीहून, जिथं टाइलचे कारखाने आहेत, टाइलची पहिली गाडी मागवली, तेव्हा वडील एवढंच म्हणाले, "फुटली त किती, अन् राहिली त किती, हे पाहून घेजो."

धंदा कसा चालतो ते पिकावर. संत्र्याचे दोन बहार: आंबिया बहाराची संत्री विकली गेली की दिवाळीच्या आसपास गिऱ्हाइकाची एक लाट, मृग बहाराचा पैसा हाती आला की उन्हाळ्याच्या तोंडावर दुसरी. कापसावाले त्यांच्या मधे. सरकारचे फेरेही बसतात. २०१७ च्या जुलैत जीएसटी लागला तेव्हा टाइलवर २८ टक्के होता, नोव्हेंबरात तो १८ वर आला. मधले महिने गिऱ्हाईक दर विचारायचं आणि चहा पिऊन जायचं. २०१९ मध्ये हरित लवादाने मोर्बीतले गॅसिफायर, म्हणजे कोळशापासून भट्टीसाठी गॅस करणारी यंत्रं, बंद करायला लावले, कारखाने नैसर्गिक वायूवर गेले आणि दर चढले. पण हे सगळ्याच टाइलवाल्यांचं झालं. आमचं दुकान वेगळं झालं ते स्वयंपाकघरामुळे.

सुरुवातीला ओट्याची टाइल घ्यायला घरधनी आणि मिस्त्री असे दोघंच यायचे. फळांच्या टोपलीचा हायलाइटर (म्हणजे मधे लावायची चित्राची टाइल), कपबशीचा हायलाइटर, चकाकतं ते छान, झालं. जिला रोज तिथं उभं राहायचं ती घरीच. आता पुरुष एकटे आले तर मी बिल करत नाही. दोन-तीन नमुने पिशवीत घालून देतो आणि सांगतो, गॅसच्या मागे उभे करा, दिवसा पहा, रात्री लाइट लावून पहा, मग या. काहींना राग येतो. येऊ द्या.

कारण आपल्याकडची फोडणी. तिखट, हळद, वर तेलाचा तवंग. रश्श्याला तर्री नसेल तर जेवणारा ताटावरून उठेल. ते सगळं भिंतीवर उडतं. चकचकीत टाइल एका फडक्यात पुसली जाते, पण बोअरचं पाणी जड असेल तर गडद चकचकीत टाइलवर सुकलेल्या थेंबांचे पांढरे ठिपके दिसतात. मॅट टाइल दिसायला शांत, मात्र खरखरीत असली की तेल धरून बसते. मी हात फिरवायला सांगतो. बोटाला खरखर लागली तर ती टाइल अंगणात लावा, ओट्यामागे नको. कोरीव उठावाची तर मुळीच नको, त्या नक्षीतलं तेल काढायला दात घासायचा ब्रश लागतो.

खरा घोटाळा टाइलमध्ये नसतोच, दोन टाइल्समधल्या सांध्यात असतो. आमच्या काउंटरवर एक फळी आहे. तिच्यावर सारख्याच टाइल्स, अर्ध्या सांध्यांत पांढरं सिमेंट, अर्ध्यांत इपॉक्सी, म्हणजे दोन भाग कालवून भरायचं रेझिन. सकाळी त्यावर हळद-तेल चोपडून ठेवतो आणि गिऱ्हाईक आलं की साबणाच्या पाण्यानं पुसून दाखवतो. इपॉक्सीचा सांधा साफ होतो. सिमेंटचा सांधा पिवळा राहतो, आणि फळी नवी असली तर लालसर होतो. बेनोड्याकडच्या एक काकू हे पाहून हसल्या. "हळदीले चुना लागला का कुकू व्हते बाप्पा, यात काय नवल?" बरोबरच होतं. सिमेंटमध्ये चुन्याचाच अंश, साबणही खारा, आणि हळद खाराला लाल होते. तेव्हापासून हेच सांगतो, लोकांना लगेच पटतं.

इपॉक्सी महाग आहे, पण ओट्यामागे ती लागते किती? दहा फूट ओटा, दोन फूट उंची, वीस चौरस फूट. बारा बाय चोवीस इंची टाइल आडवी लावली तर दोन ओळींत पाच-पाच, कटिंग नाही. बारा बाय अठरा घेतली तर चौदा टाइल्स, सांधे जास्त, शेवटची टाइल कापलेली. मोठी टाइल महाग दिसते, पण सांधा कमी आणि मजुरीही वाचते. दोन टाइल्स त्याच बॅचच्या जास्तीच्या घेऊन माळ्यावर ठेवा, कारण पुढल्या गाडीत तोच नंबर आला तरी रंगाची छटा तीच येईल याचा भरवसा नाही. इपॉक्सी पांढरी घेऊ नका, उन्हानं पिवळी पडते; करडी घ्या. आणि आपल्या मे महिन्यात कालवलेला माल भराभर आवळतो, म्हणून हे काम सकाळच्या पहारी, थोडा-थोडा कालवून, आणि टाइलवर सांडलेलं तिथल्या तिथे पुसून.

मिस्त्र्यांशी आमची जुनी भांडणं आहेत. सिरॅमिक टाइल पाणी पिते, ती बुडबुडे थांबेपर्यंत भिजवायची आणि मग सिमेंट-वाळूच्या मसाल्यावर लावायची. व्हिट्रिफाइड, म्हणजे काचेसारखी घट्ट भाजलेली टाइल, पाणी जवळपास पीतच नाही, अर्ध्या टक्क्याच्याही आत; ती नुसत्या सिमेंटवर धरत नाही, तिला अॅडहेसिव्हच, म्हणजे टाइल चिकटवायचा तयार मसालाच लागतो. "आम्ही इतके वर्षं असंच लावतो" हे उत्तर ठरलेलं. मग पावसाळ्यानंतर टाइल पोकळ वाजते. त्यात आपली काळी माती, उन्हाळ्यात भेगाळते, पावसात फुगते, आणि पाया उथळ असला की भिंतही हलते. टाइलला टाइल चिकटवून लावली तर दाब जाणार कुठे? दोन-तीन मिलिमीटरचा स्पेसर, म्हणजे फट राखणारा तुकडा, टाकल्याशिवाय आमचा मिस्त्री आता काम करत नाही. हो, शेवटी आपलेच मिस्त्री ठेवले.

बाकीचं थोडक्यात. ओट्याचाच ग्रॅनाइट मागे चढवला तर सांधाच जवळपास राहत नाही. पैसा असेल तर हे उत्तम. कडप्पा हा चुनखडीचा दगड, लिंबू-चिंचेनं त्याची चकाकी जाते. संगमरवराचं तेच. काच सुंदर दिसते, पण टफन्ड, म्हणजे तापवून कणखर केलेली पाहिजे आणि भोकं आधीच पाडून आणावी लागतात, नंतर पडत नाहीत. पीव्हीसीच्या संगमरवरी शीट स्वस्त म्हणून खेड्यात खूप चालल्या आहेत. बैठकीत लावा, बर्नरच्या मागे नाही, आच लागून वाकतात. चुलीमागे तर मी टाइलही विकत नाही. तिथं जाळ थेट भिंतीला लागतो. लिपण बरं, नाहीतर उघडी वीट.

२०१६ पासून प्रधानमंत्री ग्रामीण आवास योजनेची घरकुलं सुरू झाली. किमान पंचवीस चौरस मीटरचं घर, त्यातच स्वयंपाकाची जागा, आणि सपाट भागात अनुदान तेव्हा एक लाख वीस हजार. त्यात टाइल बसवायची तर कशातून? त्यांच्यासाठी दुकानाच्या मागच्या भिंतीला आम्ही बॅच संपताना उरलेल्या टाइल्सचा रॅक केला. पाच फुटी ओट्याला बारा बाय चोवीसच्या पाच टाइल्स पुरतात, एक मधोमध कापायची. कापून आम्हीच देतो, फुकट. इपॉक्सीचा मोठा डबा त्यांना परवडत नाही म्हणून सगळ्यात लहान पॅक ठेवतो, दोन घरं मिळून एक नेतात, आणि कालवलेला माल थांबत नाही म्हणून त्या दोन्ही ओट्यांचं काम मिस्त्रीला एकाच सकाळी उरकावं लागतं.