पिल्लं नक्की दिसतील का?

फेब्रुवारी सरत आला की साताऱ्यात ओळखीचं कुणीही भेटलं तरी प्रश्न ठरलेला. "मार्चात वेळासला जायचं म्हणतोय. कासवाची पिल्लं नक्की दिसतील ना?" वेळास म्हणजे रत्नागिरी जिल्ह्यातलं किनाऱ्यावरचं गाव, तिथं समुद्री कासवं अंडी घालतात. पोवई नाक्यावर गाडी बाजूला घेऊन विचारतात, लग्नाच्या पंगतीत जिलेबी वाढणाऱ्याला थांबवून विचारतात. खात्री नाही असं सांगितलं की समोरच्याचा चेहरा असा होतो, जणू पिल्लं मीच दडवून ठेवलीत. मग पुढचा प्रश्न: "अहो, पण कासव महोत्सव असतो ना? मग तारीख कशी काढतात?" तुम्ही विचारलंत म्हणून एकदाच सगळं लिहितोय. यापुढे कुणी विचारलं तर हेच पाठवणार आहे.

तारीख ठरते वाळूच्या उबेवर. ऑलिव्ह रिडले जातीची मादी नोव्हेंबर ते मार्च या काळात रात्री किनाऱ्यावर चढते, भरतीरेषेच्या वर मागच्या वल्ह्यांनी, म्हणजे वल्ह्यासारख्या पायांनी, दीडेक फूट खोल खड्डा उकरते, शंभराच्या आसपास अंडी घालते, खड्डा बुजवून अंगाच्या भारानं वाळू चोपते आणि तासाभरात परत समुद्रात. त्या घरट्याकडे ती पुन्हा फिरकत नाही. पहाटे कासवमित्र, म्हणजे घरट्यांची राखण करणारा गावातला माणूस, किनारा चालतो, वाळूवरची रांगत गेल्याची रेघ शोधतो आणि अंडी काढून कुंपणाच्या आत, हॅचरीत हलवतो. हे काम काही तासांतच उरकावं लागतं. नंतर गर्भ कवचाच्या आतल्या बाजूला चिकटतो. मग अंडं हलवलं किंवा उलटंपालटं झालं तर आतलं पिल्लू मरतं. हॅचरीतला खड्डाही मादीनं केला असता तसाच करतात, वर अरुंद तोंड, खाली गोल पोट, तेवढाच खोल. शेजारी काठी रोवून तिच्यावर तारीख आणि अंड्यांची संख्या लिहितात.

इथून पुढे ४५ ते ६० दिवस. आता हिशोब करा. १० जानेवारीचं घरटं असेल तर पिल्लं २४ फेब्रुवारीपासून ११ मार्चपर्यंत केव्हाही वर येतील. पंधरवडा झाला की हा! थंडी रेंगाळली तर उशीर, ऊन लवकर तापलं तर लवकर. त्याच उबेवर पिल्लू नर होणार की मादी हेही ठरतं: २९-३० अंश सेल्सिअसच्या वर वाळू राहिली तर माद्या जास्त, खाली राहिली तर नर जास्त. एवढं सगळं ज्या वाळूच्या हातात आहे, तिच्याकडून तुम्हाला शनिवारची संध्याकाळ लिहून हवी असते.

म्हणून गावात ज्यांच्या घरी उतरणार त्या घरमालकाला फोन कराल तेव्हा "पिल्लं आहेत का" असं विचारू नका. "पन्नास दिवस ओलांडलेली घरटी किती आहेत?" असं विचारा. दुसरं विचारा, "टोपल्या कितींवर पालथ्या घातल्यात?" दिवस भरत आले की घरट्यावर टोपली पालथी घालतात, वर आलेलं पिल्लू भरकटू नये म्हणून. तिसरा प्रश्न सगळ्यांत कामाचा: "कुठं वाळू खचलीय का?" आत अंडी फुटली की पोकळी होते, वरची वाळू खाली सरकते, आणि घरट्याच्या डोक्यावर बशीएवढा खळगा दिसतो. खळगा दिसला की सहसा एक-दोन दिवसांत पिल्लं वर येतात. तीन-चार घरटी पन्नाशी ओलांडलेली असतील आणि तुम्ही एक संध्याकाळ, एक सकाळ तिथं असाल, तर आशा ठेवायला हरकत नाही. त्याहून जास्त मी बोलणार नाही.

पिल्लं पाहुण्यांसमोर सोडतात ती सकाळी सातला आणि संध्याकाळी सहाला, तेव्हा भरतीचंही बघून जा. कोकणातला जुना आडाखा आहे: तिथीच्या आकड्याचा पाऊणपट करा, साधारण त्या वाजता भरती पूर्ण असते. अष्टमीला आठाचा पाऊणपट सहा. म्हणजे सकाळ-संध्याकाळ सहाच्या सुमारास पाणी वर, पिल्लांना चालायला थोडीच वाळू, आणि तुमचा सोहळा पाच मिनिटांत आटोपतो. पौर्णिमा-अमावास्येला भरती अकरा-बाराला, त्यामुळे सहाच्या आसपास ओहोटी आणि पाणी लांब. पिल्लं बराच वेळ दिसतात, पण दमतातही. मात्र फाल्गुनी पौर्णिमेला जाणार असाल तर आधीच सांगतो: शिमगा असतो. घरमालक पालखीच्या मागं असेल, फोन उचलणार नाही, आणि उचलावा अशी अपेक्षाही ठेवू नका.

आता त्या एका सकाळबद्दल. वाद नेहमी तिथंच येतो.

शनिवार होता. किनारा कोणता ते राहू दे. साताऱ्याहून टेम्पो ट्रॅव्हलर भरून मंडळी आली होती. रात्री दोनला निघाली, आंबेनळी घाट उतरून, पोलादपूर, महाड, म्हाप्रळ, मंडणगड करत किनाऱ्यावर पोचेपर्यंत साडेसात वाजून गेले. टोपली सातच्या आधीच उचललेली होती. पिल्लं समुद्रात गेली होती, दोरी गुंडाळायचं काम चालू होतं. मुलं पेंगुळलेली, दोघांना घाटात उलट्या झालेल्या. त्यातल्या एका गृहस्थांनी कासवमित्राला गाठलं. "सहा तास गाडी हाकून आलोय. दोन-चार ठेवली असती मागं तर काय बिघडलं असतं?"

तो माणूस शांत होता. त्यानं सांगितलं ते असं: पिल्लाच्या पोटात अंड्यातला बलक थोडा शिल्लक असतो, तीच त्याची शिदोरी. बाहेर आल्यापासून ते हातपाय मारत असतं आणि पाण्यात गेल्यावर पहिला दिवसभर थांबत नाही, खोल समुद्राकडे पोहत राहतं. घमेल्यात ठेवलं तर तोच जोर घमेल्याच्या कडेवर खर्च होतो. पाहुण्यांसाठी ठेवणार नाही. विषय संपला.

विषय संपला नाही. साडेआठला कुंपणाच्या आत एका घरट्यातून मागं राहिलेलं एक पिल्लू वर आलं. जेमतेम दीड इंच लांब, काळपट राखाडी, एका डोळ्यावर ओली वाळू चिकटलेली, नाकाच्या शेंड्यावर अंडं फोडायचा पांढरा कण अजून तसाच. उचललं तरी पुढची वल्ही हवेत चालूच. सगळे कुंपणाला लोंबकळले. "सोडा, सोडा आता!" आणि कासवमित्रानं ते सोडलं नाही. घमेल्यात तळाला ओलसर वाळू, त्यात पिल्लू, वर ओलं फडकं, आणि घमेलं झापाच्या सावलीत. संध्याकाळी सोडू म्हणाला.

मग जे व्हायचं ते झालं. "मघाशी ठेवता येत नव्हतं, आता बरं ठेवता येतं! संध्याकाळच्या गिऱ्हाइकांसाठी राखून ठेवलंय." असे शब्द वापरले गेले. त्याचं उत्तर सरळ होतं: नऊच्या उन्हात कोरडी वाळू चटके देते, वर घारी आणि कावळे, एकटं पिल्लू पाण्यापर्यंत पोचत नाही. पण ऐकायला कुणी थांबलं नव्हतं. मंडळींना दुपारी परत निघायचं होतं. एका बाईंनी तेवढं विचारलं, की मग रात्रीच का सोडत नाही, सगळा प्रश्नच मिटेल.

बाईंचा प्रश्न बरोबर होता, आणि मी इतकी वर्षं त्याला बगल देत आलोय. पिल्लं निसर्गतः रात्री, वाळू थंडावली की वर येतात आणि अंधारात पाण्याकडे जातात, उजळ दिसणाऱ्या क्षितिजाच्या दिशेनं. सकाळची सात आणि संध्याकाळची सहा ही वेळ उन्हाच्या दृष्टीनं चालण्यासारखी आहे, हे खरं. ती माणसांना दिसावं म्हणूनही आहे, हेही खरं. पूर्वी मी यावर लगेच म्हणायचो: अहो, पण त्या दिसण्यावरच गाव उभं आहे. आजही म्हणतो. चिपळूणच्या सह्याद्री निसर्ग मित्र संस्थेनं, भाऊ काटदरे आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी, २००२ साली वेळासला काम सुरू केलं, तेव्हा घरटी माणसं, कोल्हे आणि कुत्री मिळून साफ करत होती. २००६ पासून महोत्सव सुरू झाला, पाहुणे घरात राहायला लागले, ताटाला पैसे मिळायला लागले, आणि अंडं शोधणारा डोळाच राखणदार झाला. तुमच्या सहा तासांच्या प्रवासाचे पैसे त्या कुंपणाच्या जाळीत आहेत. म्हणून मी "जाऊ नका" असं कधी म्हणत नाही. पण पिल्लाला विचारून कुणी सातची वेळ ठरवलेली नाही, हेही आता लपवत नाही. दोन्ही एकदम कसं म्हणता असं विचाराल, तर मला जमत नाही, तसंच म्हणतो.

"थेट पाण्यात का सोडत नाहीत" याचं उत्तरही मी पूर्वी फार ठणकावून द्यायचो. वाळूवर चालूनच त्याला किनारा ओळखू येतो, आणि मादी अंडी घालायला जन्मकिनाऱ्याकडेच परत येते, वगैरे. चालू द्यावं, यात शंका नाही. पण ओडिशात २०२१ साली बिल्ला लावलेली एक मादी २०२५ च्या जानेवारीत गुहागरला अंडी घालताना सापडली, तेव्हापासून "तिथंच परत येते" हे वाक्य मी जरा दबक्या आवाजात म्हणतो. अख्ख्या दक्षिण टोकाला वळसा पडतो. ती जन्मली कुठली, कुणास ठाऊक.

वाळूवरच्या नियमांबाबत मात्र माझ्याकडून सवलत नाही. दोरीच्या मागं राहा. पिल्लांच्या वाटेवर आधी चालून येऊ नका; कोरड्या वाळूत उमटलेलं बुटाच्या टाचेचं भोक पिल्लाला खड्डा आहे, त्यात ते उताणं पडतं आणि वल्ही हवेत हलवत बसतं. फ्लॅश नको, बॅटरी नको, उजेडाकडे वळणं त्यांच्या अंगात आहे. हातात मागू नका, सेल्फीसाठी तर नाहीच. वन्यजीव संरक्षण कायदा, १९७२ च्या पहिल्या अनुसूचीतला प्राणी आहे. वाघाला जे संरक्षण ते यालाही.

साताऱ्याहून निघणाऱ्यांनी रात्रीचा प्रवास टाळावा. सकाळी आठला निघा, मेढा-केळघरवरून महाबळेश्वर. या दिवसांत मेढ्याच्या आसपास पळस पेटलेला असतो आणि महाबळेश्वरात अंजनीच्या झाडांना निळीजांभळी फुलं फांदीलाच चिकटलेली असतात. तिथं उगम पावणारी सावित्री घाटाखाली तुमची वाट धरते आणि थेट बाणकोटला समुद्राला मिळते, वेळास त्याच्या अलीकडे-पलीकडेच. नाना फडणवीस जन्माला आले साताऱ्यात, मूळ गाव वेळास, आणि वाडा आपल्या वाईजवळ मेणवलीला. तेव्हा हा रस्ता आपल्याकडच्यांनी काही पहिल्यांदा तुडवलेला नाही. दुपारी तीन-चारपर्यंत पोचलात की संध्याकाळची वेळ हाती लागते, मुक्कामानंतर सकाळचीही. पिल्लं नाहीच दिसली, तर किनाऱ्यावर कुरवांचे थवे बघा, मार्चात ते उत्तरेला परतायच्या बेतात असतात. उंच झाडावर समुद्रगरुडाचं घरटं असेल तर गावातलं पोरगंसुद्धा दाखवील. सुरंगीचा गजरा मिळाला तर घ्या. खोलीऐवजी पडवीत गादी मिळेल, जेवण घरचं असेल, हॉटेलच्या तक्रारी सोबत नेऊ नका. रोख पैसे मात्र न्या.

आणि जमत असेल तर शनिवार-रविवार सोडाच, बुधवारी जा. गर्दी नसते, कासवमित्राला बोलायला सवड असते. घरट्यातली पिल्लं गेल्यावर ते घरटं उकरून टरफलं, न फुटलेली अंडी, आतच मेलेली पिल्लं वेगळी करून मोजतात आणि वहीत लिहितात. ते काम कधी दुपारी असतं, तेव्हा फोटो काढायला कुणी नसतं. शेजारी उकिडवे बसून बघू दिलं तर बघा. वास येतो, नाकाला रुमाल ठेवा.