शहात्तराव्या पानाला अडकणारा सर्व्हर

डेबियन १३, म्हणजे डेबियन लिनक्सची 'ट्रिक्सी' ही नवी आवृत्ती, ९ ऑगस्ट २०२५ ला बाहेर आली आणि पोळा होता २२ ऑगस्टला. दारव्हा तालुक्यातल्या एका गावची अभ्यासिका वर्षातून मोजकेच दिवस रिकामी असते, त्यातला पोळा हा पक्का दिवस. पोलीस भरती, तलाठी भरतीची सगळी पोरं त्या दिवशी बैलांच्या मागे असतात. म्हणून तिथल्या सर्व्हरचं अपग्रेड पोळ्यालाच करायचं ठरलं. जुनी मशीनं जोडून गावोगावच्या अभ्यासिकांना लावून देणारे आम्ही काही हौशी लोक आहोत. आमच्यातल्या एकाचं म्हणणं होतं की १३.१, म्हणजे पहिल्या दुरुस्त्यांची आवृत्ती, येऊ द्यावी, मग हात लावावा. म्हणण्यात तथ्य होतं, आणि ती ६ सप्टेंबरला आलीही. पण पोळा गेला की सोयाबीन सोंगणीपर्यंत असा मोकळा दिवस मिळत नाही.

मशीन साधं आहे. चौथ्या पिढीचा कोअर आय३, ४ जीबी रॅम, सिस्टिमसाठी १२० जीबीची एसएसडी, डेटा आणि स्वॅपसाठी (रॅम अपुरी पडली की वापरायची जागा) १ टीबीची जुनी फिरती हार्ड डिस्क. लॅन कार्डं दोन. एकात बाहेरचं इंटरनेट येतं, दुसऱ्यातून अभ्यासिकेच्या स्विचला जातं, म्हणजे हाच सर्व्हर गेटवेसुद्धा आहे. त्यावर पुस्तकांच्या देवघेवीची नोंदवही (पीएचपी आणि मारियाडीबी), किविक्सवर इंटरनेटशिवाय चालणारा मराठी विकिपीडिया, सगळ्या मशीनना दिसणारं सांबाचं शेअर फोल्डर, आणि मुलांनी स्कॅन केलेली जुनी पुस्तकं व प्रश्नपत्रिका शोधण्याजोग्या करणारी एक स्क्रिप्ट, एवढं चालतं.

अपग्रेड सुरळीत झालं. पण ज्या चार गोष्टींमुळे ते सुरळीत झालं त्या सांगितल्याच पाहिजेत, कारण आपल्याकडे नेमकं तिथेच बिनसतं.

पहिली गोष्ट लाइनची, म्हणजे विजेची. पॅकेजेस उतरवणं आणि बसवणं ही दोन वेगळी कामं ठेवावीत. एपीटीला, म्हणजे डेबियनच्या पॅकेज बसवणाऱ्या प्रोग्रामला, 'डाउनलोड-ओन्ली' सांगून सगळं आदल्या रात्रीच उतरवून घेतलं. रोजचा डेटा संपायची कटकट असते, म्हणून आमच्याकडे एका मशीनवर एपीटी-कॅशर-एनजी कायम चालू असतं, पोर्ट ३१४२ वर. एकदा उतरलेलं पॅकेज पुढच्या गावच्या मशीनला तिथूनच मिळतं. बसवण्याच्या वेळी सर्व्हर अभ्यासिकेच्या १५० एएच बॅटरीच्या इन्व्हर्टरवर घेतला. साध्या ६०० व्हीएच्या यूपीएसवर भरवसा ठेवू नये. तो मशीन नीट बंद करण्यापुरता असतो, तासाभराच्या कामासाठी नसतो. मधेच लाइन गेलीच तर आधी 'डीपीकेजी --कॉन्फिगर -ए', मग 'एपीटी --फिक्स-ब्रोकन इन्स्टॉल', याच क्रमाने.

दुसरी गोष्ट मारियाडीबीची, आणि ही लाइनशीच जोडलेली आहे. बुकवर्ममध्ये, म्हणजे आधीच्या डेबियन १२ मध्ये, १०.११ आहे, ट्रिक्सीत ११.८. अर्धवट बंद पडलेल्या डेटाबेसची डागडुजी मारियाडीबी फक्त त्याच मोठ्या आवृत्तीत करते. नवी आवृत्ती जुन्या आवृत्तीच्या अर्धवट नोंदी हातात घेत नाही. म्हणजे आदल्या दिवशी लाइन जाऊन सर्व्हर धाडकन बंद झाला असेल आणि तसंच अपग्रेड केलं, तर नोंदवही उघडणार नाही. म्हणून आधी जुनी १०.११ एकदा पूर्ण चालू करायची, डंप (सगळ्या डेटाची प्रत) घ्यायचा, सेवा व्यवस्थित थांबवायची, लॉगमध्ये 'शटडाउन कम्प्लीट' दिसल्याशिवाय पुढे जायचं नाही.

तिसरी गोष्ट गेटवेची. ट्रिक्सीत सिस्टिमडी (मशीन चालू होताना सेवा आणि सेटिंग लावणारा प्रोग्राम) /ईटीसी/सिसीटीएल.कॉन्फ ही फाइल वाचतच नाही. आपल्याकडे बहुतेकांनी एका लॅन कार्डातलं इंटरनेट दुसऱ्याकडे जाऊ देणारी 'आयपी फॉरवर्ड = १' ही ओळ तिथेच लिहिलेली असते. रीबूटनंतर मुलांच्या मशीनला आयपी मिळतो, विकिपीडिया उघडतो, पण बाहेरचं इंटरनेट नसतं, आणि लोक मोबाइल कंपनीला शिव्या देत बसतात. ती ओळ /ईटीसी/सिसीटीएल.डी या फोल्डरमध्ये .कॉन्फ शेवट असलेल्या नव्या फाइलमध्ये हलवली की झालं. चौथी गोष्ट, नेटवर्क कार्डांची नावं नव्या आवृत्तीत बदलू शकतात. दोन्ही कार्डांचे मॅक पत्ते घेऊन .लिंक फाइल्समध्ये नावं आधीच बांधून टाकली.

बाकी नेहमीचंच. बाहेरच्या रिपॉझिटरी बंद, सोर्सेसमध्ये बुकवर्मच्या जागी ट्रिक्सी, आधी '--विदाउट-न्यू-पीकेजीएस' लावून हलकं अपग्रेड, मग फुल-अपग्रेड. रीबूटनंतर कर्नल ६.१२, पीएचपी ८.४, नोंदवही चालू, इंटरनेट चालू. संध्याकाळी कुलूप लावलं.

तान्हा पोळ्याच्या दिवशी अभ्यासिका पुन्हा भरली आणि दुपारी फोन आला. अभ्यासिका सांभाळणारा पोरगा म्हणाला, "भाऊ, डिस्क गेली वाटते. पुस्तक कन्व्हर्ट होऊनच नाही राहिलं. अन् नोंदवहीचं पान उघडाले अर्धा मिनिट लावून राहिलं."

तक्रारी दोन होत्या आणि वरवर पाहता एकमेकींशी त्यांचा संबंध नव्हता. पुस्तक २४० पानांचं, सामान्य ज्ञानाचं. स्क्रिप्ट चालवली की ७६ व्या पानाशी थांबे. पुन्हा चालवली तर त्याच्याही आधी थांबे. लॉगमध्ये एकच वाक्य, 'नो स्पेस लेफ्ट ऑन डिव्हाइस'. आणि एसएसडीवर जागा होती ७० जीबी.

पोराचा डिस्कवरचा संशय रास्त होता. जुन्या मशीनमध्ये डिस्क जाणं नवीन नाही. म्हणून आधी स्मार्टसीटीएल लावून दोन्ही डिस्क तपासल्या. खराब सेक्टर नाहीत. आयनोड (डिस्कवरच्या फाइलींच्या नोंदींच्या जागा) संपले की काय, तेही पाहिलं, कारण जागा असूनही 'जागा नाही' असं ऐकू येण्याचं ते दुसरं कारण असतं. ते भरपूर होते. मग 'फ्री -एच' दिलं आणि कोडं तिथे उलगडलं. 'शेअर्ड' या रकान्यात जीबीच्या वर आकडा, आणि स्वॅप सव्वा जीबी वापरात. या सर्व्हरवर शेअर्डचा आकडा एरवी काही डझन एमबीच्या वर जात नाही. तो फुगला म्हणजे रॅममध्ये कुणीतरी फाइली ठेवतंय. 'डीएफ -एच /टीएमपी' दिल्यावर उत्तर समोर आलं: टीएमपीएफएस, म्हणजे रॅममधली फाइल सिस्टिम, १.९ जीबी, शंभर टक्के भरलेलं.

ट्रिक्सीत /टीएमपी हे फोल्डर आता डिस्कवर नसतं, रॅममध्ये असतं. अपग्रेड केलेल्या मशीनलाही रीबूटनंतर हे लागू होतं, आणि त्याची कमाल मर्यादा रॅमच्या निम्मी. आमच्या मशीनमध्ये ग्राफिक्सचा वाटा वजा जाता ४ जीबीतले पावणेचारच्या आसपास उरतात, त्याचे निम्मे १.९.

आता पानांचा हिशेब. स्क्रिप्ट डेबियन १० च्या काळातली. ती पीडीएफ-टू-पीपीएम वापरून आधी सगळ्या पुस्तकाची पानं ३०० डीपीआयने चित्रं म्हणून /टीएमपीमध्ये काढते, आणि मग टेसरॅक्ट हा चित्रातली अक्षरं ओळखणारा प्रोग्राम मराठीतून एकेक पान वाचतो. ए४ पान ३०० डीपीआयला २४८० गुणिले ३५०८ पिक्सेल होतं. रंगीत म्हणजे प्रत्येक पिक्सेलला ३ बाइट, आणि पीपीएममध्ये कसलंही आकुंचन नसतं. म्हणजे एक पान सुमारे २५ एमबी, २४० पानं ६ जीबी. १.९ जीबीला २५ एमबीने भागा, ७६ येतात. पोरगं सांगत होतं तेच पान. बुकवर्ममध्ये हीच ६ जीबी एसएसडीवर पडायची आणि कुणाला पत्ताही लागायचा नाही.

आता कुणी म्हणेल, डीपीआय कमी करा ना. मराठीला ते परवडत नाही. दीडशेवर अनुस्वार कागदावरच्या ठिपक्यांत हरवतात, वेलांट्या तुटतात. तीनशेच्या खाली आम्ही जात नाही.

नोंदवहीचा संथपणाही याच्यातूनच आला होता. स्क्रिप्ट अडकली की तशीच बाहेर पडायची, काढलेली चित्रं पुसायची नाही. पूर्वी तो कचरा डिस्कवर पडून राही आणि पुढच्या रीबूटला साफ होई. आता तोच कचरा निम्मी रॅम अडवून बसला. उरलेल्या रॅममध्ये मारियाडीबी, अपाचे, किविक्स आणि वीसेक पोरांची मशीनं. कर्नल बिचारा काही टीएमपीएफएसचे, काही मारियाडीबीचे मेमरीतले तुकडे स्वॅपमध्ये ढकलत होता, आणि स्वॅप त्या जुन्या फिरत्या डिस्कवर. स्क्रिप्ट थांबून दोन तास झाले तरी नोंदवही रखडत होती ती यामुळेच. दुसऱ्यांदा स्क्रिप्ट ७६ च्या आधी का थांबली, त्याचंही उत्तर हेच. आधीची पानं आत होतीच.

ताबडतोबीचा उपाय सोपा. ती चित्रं पुसली आणि स्वॅप एकदा बंद-चालू करून रॅममध्ये परत आणला. स्वॅपमधलं सगळं मावेल एवढी रॅम मोकळी आहे याची खात्री करूनच हे करावं, नाहीतर कर्नल चालू प्रोसेसच मारायला लागतो. नोंदवही लगेच पळायला लागली.

कायमच्या उपायावर मात्र आमच्यात बराच खल झाला. ट्रिक्सीच्या प्रकाशन टिपणांत मार्ग दिलेला आहे: 'टीएमपी.माउंट' हे युनिट सिस्टिमसीटीएलने मास्क करा (म्हणजे चालूच होऊ देऊ नका), रीबूट करा, /टीएमपी पुन्हा डिस्कवर. एका ओळीचं काम. किंवा त्याच युनिटला 'साइझ' वाढवून द्या. दुसरा मार्ग ४ जीबीच्या मशीनवर तर बिलकुल घेऊ नये. मर्यादा वाढवून रॅम वाढत नाही, फक्त स्वॅपची मारामारी वाढते. मास्क करण्यालाही माझा विरोध होता. एसएसडीवर दर पुस्तकामागे ६ जीबीचं लिखाण कशासाठी? या स्वस्तातल्या १२० जीबीच्या डिस्क लिहून लिहूनच झिजतात. तात्पुरत्या लहान फाइली रॅममध्ये राहाव्यात हे बरोबरच आहे, मोठ्या फाइलींनी तिथे जाऊ नये एवढंच.

म्हणून स्क्रिप्ट बदलली. पीडीएफ-टू-पीपीएमला '-एफ' आणि '-एल' देऊन एका वेळी एकच पान काढायचं, '-ग्रे' लावायचं, टेसरॅक्टने वाचलं की चित्र पुसायचं. अक्षरं वाचायला टेसरॅक्टला रंगाचा उपयोग नाही. करड्या छटेत पान २५ ऐवजी ८.३ एमबी होतं. आता २४० पानांचं पुस्तक असो की हजाराचं, /टीएमपीमध्ये एका वेळी दहा एमबीच्या वर काही नसतं. वर 'ट्रॅप' लावून टाकला, म्हणजे स्क्रिप्ट कशीही बाहेर पडली तरी तिचं फोल्डर पुसलं जातं. ज्या कामाला खरोखरच मोठी तात्पुरती जागा लागते, त्याला टीएमपीडीआयआर हे व्हेरिएबल /व्हार/टीएमपीकडे वळवून द्यायचं; ते फोल्डर डिस्कवरच राहतं.

मग सगळ्या क्रॉनमध्ये (ठरल्या वेळी आपोआप चालणाऱ्या कामांत) आणि /यूएसआर/लोकल/बिनमध्ये '/टीएमपी' हा शब्द ग्रेपने शोधला. रात्रीच्या बॅकअपची स्क्रिप्ट डेटाबेसचा डंप आधी /टीएमपीत काढून मग दाबत होती. डंप आज लहान आहे म्हणून निभावलं असतं. तो आता थेट जीझिपमध्ये पाइप केला. ज्यांच्याकडे मोठा डेटाबेस आहे त्यांनी हे आधी पाहावं, कारण बॅकअप अर्धवट राहिलेला रात्री कुणाला दिसत नाही.

आणखी एक बारीक गोष्ट, जी सहसा कुणी पाहत नाही. एसएसडीवर डीएफ जेवढी वापरलेली जागा दाखवत होतं, त्यापेक्षा डीयूची बेरीज कमी भरत होती. फरक ११ जीबीचा. अपग्रेडच्या आधी जुन्या /टीएमपीमध्ये जे पडून होतं ते डिस्कवर तसंच होतं. नवा टीएमपीएफएस त्याच्यावर अंथरला गेल्यामुळे ते दिसेनासं झालं होतं, आणि पूर्वी रीबूटला होणारी सफाईही आता त्याच्यापर्यंत पोचत नव्हती. मूळ फाइल सिस्टिम /एमएनटीवर बाइंड माउंट केली की /एमएनटी/टीएमपीमध्ये सगळं दिसतं. आत काय आहे ते बघून पुसलं, ११ जीबी परत मिळाली.

अभ्यासिकेतल्या जुन्या नेटबुकांचा प्रश्न वेगळा आहे. ट्रिक्सीत आय३८६, म्हणजे ३२ बिटच्या मशीनसाठी, कर्नलही नाही आणि इन्स्टॉलरही नाही. ॲटम एन२७० फक्त ३२ बिटचा, त्यामुळे ती मशीनं बुकवर्मवरच ठेवली आणि त्यांचा बाहेरच्या इंटरनेटशी संबंध तोडला. विकिपीडिया आणि प्रश्नपत्रिका वाचायला ती अजून चांगली आहेत. पण एन४५० असलेली मशीनं सरसकट त्यांच्यात ढकलू नयेत. तो ६४ बिट चालवतो. 'एलएससीपीयू'मध्ये ३२-बिट आणि ६४-बिट दोन्ही दिसले, तर रॅम कमी म्हणून कुणीतरी पूर्वी ३२ बिटचं डेबियन टाकलं असणार. तिथे जागच्या जागी बदल करत बसू नये. डेटा काढून घ्यावा आणि ६४ बिटचं ट्रिक्सी नव्याने बसवावं, सोबत एलएक्सडीई हा हलका डेस्कटॉप, म्हणजे १ जीबीतही चालतं.