खोदलेल्या रस्त्यावरून वर्ध्याला: माझा अनुभव

राळेगाव तालुक्यातल्या आमच्या गावाकडचा रस्ता खोदायला घेतला, तेव्हा बाबांचं डायलिसिस सुरू होऊन थोडेच महिने झाले होते. मंगळवार आणि शुक्रवार, पाऊस असो की ऊन, वर्ध्याला जायला गाडी काढावीच लागते. डायलिसिसला 'आज रस्ता खराब आहे, उद्या पाहू' चालत नाही. जाताना माणूस बरा असतो. चार तास मशीनवर काढून येताना बीपी खाली आलेला असतो, अंगात त्राण नसतं आणि एक जोराचा दणका बसला की ओकारी येते. त्यामुळे ह्या रस्त्यावर गाडी कशी चालवायची हे मला शिकणं भागच होतं.

बाबांना मी पुढे बसवत नाही. त्यांचा फिस्टुला, म्हणजे डायलिसिसच्या सुया टोचायला ऑपरेशन करून जोडलेली रक्तवाहिनी, डाव्या हातात आहे आणि पुढच्या सीटचा पट्टा डाव्या खांद्यावरून येतो. मागे, माझ्या पाठीमागच्या सीटवर, पट्टा उजव्या खांद्यावरून येतो आणि डावा हात उशीवर मोकळा ठेवता येतो. मागे बसलं की पट्टा कशाला, असं गावात सगळेच म्हणतात. खड्ड्यात गाडी आपटल्यावर डोकं टपाला लागतं ते मागे बसलेल्याचंच, हे त्यांना कोण सांगणार?

सुरुवातीला मी पाट्यांच्या भरवशावर होतो. लाल काठाचा त्रिकोण आणि आत फावडं घेतलेला माणूस दिसला की वेग कमी करायचा, संपलं. पण महिनाभरात लक्षात आलं की काम पुढे सरकतं आणि पाटी मागेच राहते. जिथे पाटी उभी होती तिथला रस्ता कधीच बुजला होता, आणि जिथे परवा नवीन चर खोदला तिथे फक्त एक चुना लावलेला दगड आणि त्यावर पळसाची फांदी. रस्त्यांचे मानदंड ठरवणाऱ्या इंडियन रोड्स काँग्रेस ह्या संस्थेची एसपी ५५ नावाची मार्गदर्शिका आहे. तिच्यानुसार आधी लांबून इशारा, मग वाहतूक हळूहळू एका बाजूला वळवणारा भाग, मग प्रत्यक्ष काम आणि शेवटी रस्ता मोकळा झाल्याची खूण, असा क्रम असायला हवा. मोठ्या महामार्गावर तो मी पाहिला आहे. आमच्या रस्त्यावर पळसाची फांदी. मोटार वाहन कायद्यात २०१९ च्या दुरुस्तीने कलम १९८-अ आलं. ठरलेले मानदंड न पाळल्यामुळे कुणाचा जीव गेला किंवा कुणी अपंग झालं तर ठेकेदाराला किंवा जबाबदार यंत्रणेला एक लाखापर्यंत दंड. लाख रुपयांत हायवाचे, म्हणजे मुरूम-गिट्टी वाहणाऱ्या मोठ्या डंपरचे, सगळे टायरही येत नाहीत, पण निदान कलम तरी आहे.

पाट्यांचा नाद सोडला आणि काम कोणत्या टप्प्यावर आहे ते पाहू लागलो. खोदकाम, मुरूम, गिट्टी, डांबर, काँक्रीट. ह्या प्रत्येकाचा धोका वेगळा आहे. थर ओळखला की पाय आपोआप ब्रेकवर किंवा ॲक्सिलरेटरवर हवा तिथे जातो.

खोदकाम आमच्याकडे खोल करतात, कारण खाली काळी माती. ती पाणी पिऊन फुगते आणि उन्हाळ्यात भेगाळून आक्रसते. तिच्यावर बांधलेला रस्ता दोन पावसाळ्यांत लाटा काढतो. म्हणून माती काढून मुरूम भरायचा. ह्या टप्प्यात सगळ्यात जपायचं ते पोकलेनपासून, म्हणजे खोदणाऱ्या मशीनपासून. लोक त्याच्या पुढच्या बकेटकडे पाहतात, पण पोकलेन जागेवर गरकन फिरतो तेव्हा त्याचा मागचा जड भाग वाहतुकीच्या पट्ट्यात येतो, आणि ऑपरेटरला मागचं काहीच दिसत नाही. मी लांब थांबतो, एकदा हॉर्न देतो, त्याने मान वळवून हात दाखवला की मगच निघतो. हायवाचंही तेच. रिव्हर्स घेताना तो पीं-पीं करतो, पण अर्ध्या हायवांचा तो आवाज बंद पडलेला असतो. मागचे पांढरे दिवे पेटलेत का तेवढं पाहायचं.

मुरूम पडला की धुरळा. समोरचा हायवा गेला की पाच-दहा सेकंद पांढरंधोप, काही म्हणजे काही दिसत नाही. अशा वेळी पुढे काढायचा मोह होतो आणि पोट्टे काढतातही. मी दिवसाही दिवे लावतो, काचा वर, एसीची हवा आतल्या आत फिरणारी, कारण बाबांना खोकला झाला तर त्रास दुप्पट. आणि धुरळा खाली बसेपर्यंत मागेच राहतो. धुरळा बसवायला टँकर पाणी मारून जातो, त्याचं सगळ्यांना बरं वाटतं; पण ताज्या भिजलेल्या मुरुमावर चिखलाचा पातळ लेप येतो आणि दुचाकीचं पुढचं चाक तिथेच सरकतं. माझ्या साळ्याची गाडी अशीच आडवी झाली. हेल्मेट होतं म्हणून कोपरावरच भागलं.

गिट्टीचा थर दिसायला चांगला, सपाट. पण सुट्या गिट्टीवर ब्रेक दाबला की चाक थांबतं आणि गाडी पुढे जातच राहते. ६० च्या वेगात गाडी सेकंदाला साडेसोळा मीटर जाते, ३० ला आठ मीटरच्या आसपास. हा हिशोब मी एकदा बाबांना सांगितला. ते म्हणाले, "घड्याळ काऊन पाह्यतं मग? रस्त्याकडं पाह्य." तेव्हापासून गिट्टीवर दुसरा गिअर, स्टिअरिंगला झटका नाही, आणि पुढच्या गाडीपासून अंतर भरपूर. अंतर नसेल तर चाकाखालून उडालेला खडा काचेवर बसतो; आमच्या टपरीपुढे उभ्या राहणाऱ्या काळीपिवळ्यांपैकी एकीचीही काच धड नाही.

डांबराच्या टप्प्यात फार सांगण्यासारखं नाही. दोनच गोष्टी. थर टाकण्याआधी जे पातळ डांबर फवारतात ते सुकेपर्यंत तेलासारखं निसरडं असतं, त्यावर दुचाकी नेऊच नये. आणि नवीन डांबरावर पट्टे मारलेले नसतात, त्यामुळे रात्री रस्ता कुठे संपतो आणि नाली कुठे सुरू होते ते कळत नाही. ह्याच विदर्भात २०२२ च्या जूनमध्ये अमरावती–अकोला मार्गावर ७५ किलोमीटरचा डांबरी थर १०५ तास ३३ मिनिटांत टाकून गिनिज बुकात नोंद झाली. घरी आलेला पाहुणा हे कौतुकाने सांगतो. बाबा खाटेवरूनच म्हणतात, "तेच पोट्टे इकडं पाठोवा म्हणा."

आमच्याकडे गावाजवळचा तुकडा डांबरी आणि पुढे सगळा काँक्रीटचा. खरी परीक्षा तिथे होती, आणि ती लांबली. काँक्रीटला पूर्ण ताकद यायला २८ दिवस धरतात. सुरुवातीचे काही दिवस ओली पोती टाकून पाणी मारत ठेवायचं, आणि ताकद येईस्तोवर गाडी सोडायची नाही. म्हणजे अर्धा रस्ता बंद, अर्ध्यावरून दोन्हीकडची वाहतूक. एक बाजू झाली की ती उघडायची आणि दुसरी खोदायची. उघडलेली बाजू जमिनीपासून फूट-दीड फूट उंच, आणि साइडपट्टी भरलेली नाही. चाक एकदा खाली उतरलं की गाडी उलटणारच असं नाही. उलटते ती घाबरून जोरात वर ओढली तर. तसं झालं तर ॲक्सिलरेटर सोडून सरळ जात राहायचं, वेग अगदी कमी झाला की थांबायचं आणि जिथे मुरूम टेकलेला असेल तिथून वर यायचं. दुचाकीवाल्यांसाठी आणखी एक: पहिल्या पट्ट्याच्या कडेतून दुसऱ्या पट्ट्याला जोडायच्या सळया आडव्या बाहेर आलेल्या असतात. अंधारात त्या दिसत नाहीत. पिंडरी फाटलेला माणूस मी पाहिला आहे. १०८ ला फोन केला. गाडी येईस्तोवर आम्ही त्याला उताणा झोपवून, पाय उंच करून जखमेवर दुपट्टा दाबून धरला. मदत करणाऱ्याला पोलीस अडकवतात ह्या भीतीने दोघेजण बाजूला उभे होते. मोटार वाहन कायद्यात कलम १३४-अ त्यासाठीच घातलं आहे, मदत करणाऱ्याला त्रास होत नाही, हे मी त्यांना तिथेच सांगितलं.

अर्ध्या रस्त्यावर दोन्ही टोकांना झेंडीवाले. आमच्या बाजूचं पोट्टं वीस-बावीस वर्षांचं, वॉकीटॉकी नाही, मोबाइलला रेंज नाही. मग त्यांनी एक जुनी रीत काढली. सुटलेल्या रांगेतल्या शेवटच्या गाडीवाल्याच्या हातात तो एक लाल झेंडी देतो. ती झेंडी पलीकडच्या झेंडीवाल्याच्या हातात पडली की त्याला कळतं, मधे आता कुणी नाही. फार हुशारीची गोष्ट आहे, फक्त ती मोडतात मोटरसायकलवाले, जे झेंडीला जुमानत नाहीत. मी नेहमी खिडकी खाली करून त्याच्याशी दोन शब्द बोलतो.

"किती वेळ लागन रे बाबू?"

"पाच मिनटं काका, हायवा खाली होऊन रायला. आजोबा बरे हायत न?"

बाबांना मशीनवर न्यायचं आहे हे त्याला माहीत झाल्यावर त्याने एकदा आम्हाला रांगेबाहेरून सोडायची तयारी दाखवली. मी नको म्हटलं. समोरून येणाऱ्या हायवाच्या ड्रायव्हरला माझी ओळख नाही, तो झेंडी बघून निघालेला असतो. त्याऐवजी आम्ही घरून अर्धा तास आधी निघू लागलो. मशीनची वेळ सकाळची घेतली तर येताना उजेड असतो, हेही मागून घेतलं. तिथल्या सिस्टरने पंधरा दिवसांत जागा करून दिली.

तरी हिवाळ्यात अंधार लवकर पडतो आणि तो मोसम कापसाचा. ट्रॅक्टरच्या ट्रॉलीवर दोन्ही बाजूंनी बाहेर आलेला कापूस, मागे दिवा नाही, रिफ्लेक्टर नाही, आणि त्याच्या पुढे बैलबंडी. समोरच्याचा अप्पर डोळ्यांत बसला की मी दिव्याकडे पाहत नाही, डाव्या कडेकडे पाहतो आणि वेग आणखी पाडतो. आणि एक राग: चारही इंडिकेटर लावून चालत राहणाऱ्यांचा. त्यांना वाटतं आपण सावध आहोत. मागच्याला मात्र गाडी उभी आहे की चालते, डावीकडे वळते की उजवीकडे, काहीच कळत नाही. थांबलात तर लावा, चालत असाल तर बंद करा.

एकच ठिकाण असं आहे जिथे माझं काही चालत नाही, ते म्हणजे नाल्यावरचा वळण रस्ता. जुना पूल पाडला, नव्याचे खांब उभे आहेत, आणि शेजारून सिमेंटचे पाइप टाकून, वर मुरूम दाबून तात्पुरता रस्ता केला आहे. पाऊस वरच्या अंगाला पडतो, इथे आभाळ कोरडं असतं, आणि अर्ध्या तासात पाइपांवरून पाणी जायला लागतं. फूटभर वाहतं पाणी छोटी गाडी बाजूला ढकलायला पुरेसं असतं. शिवाय वरून पाणी दिसतं, खालचा मुरूम वाहून गेला का ते दिसत नाही. गेल्या श्रावणात तिथे जमलेल्या लोकांत एक जण 'निघते गाडी, टाका' म्हणत होता. त्याची स्वतःची गाडी काठावर उभी होती.

पुलाचं काम अजून बाकी आहे. त्यामुळे ह्या पावसाळ्यासाठी आम्ही असं ठरवलं आहे की सोमवारी आणि गुरुवारी दुपारी वरच्या गावातल्या दुकानदाराला फोन करायचा. तिकडे पाऊस असेल तर उजेड असेपर्यंत निघून वर्ध्याला मावशीकडे मुक्काम करायचा. बाबांना ही व्यवस्था फार पसंत आहे. डायलिसिसवाल्यांना पाणी मोजून प्यावं लागतं आणि मावशीचा हात सढळ आहे, म्हणून चहा अर्धा कपच द्यायचा, हे मी तिला आधीच बजावून ठेवलं आहे.