वीस मिनिटांनी गरम हवा फेकणारा एसी: जुन्या फोर बाय फोरवरचा माझा अनुभव

गाडी २००७ सालची, डिझेल, फोर बाय फोर. एसी लावला की पहिली वीस-पंचवीस मिनिटं कूलिंग झकास, मग एकदम गरम हवा. पंधरा मिनिटं गाडी बंद ठेवली की पुन्हा थंड. अशा तक्रारीवर गॅरेजमधलं पहिलं उत्तर ठरलेलं असतं: "गॅस कमी झालाय, भरून घ्या." मी भरला नाही. एसीतला गॅस डिझेलसारखा जळून संपत नाही; कमी झालाच तर कुठून तरी गळलेला असतो. आणि गॅस कमी असता तर बहुधा सुरुवातीपासूनच कूलिंग मंद मिळालं असतं.

आधी मॅनिफोल्ड गेज (एसीतल्या गॅसचा दाब दोन काट्यांवर दाखवणारं मीटर) लावला. इंजिन बंद असताना, ३० अंशांच्या हवेत, दोन्ही काटे ९५ पीएसआयच्या आसपास. या आकड्यावर बरेच जण फसतात. आर-१३४ए चा, म्हणजे एसीतल्या गॅसचा, हा दाब तापमानावर ठरतो. सिस्टिममध्ये थोडा जरी द्रव उरला असला तरी काटा तिथेच येऊन थांबतो. गॅस किती आहे ते त्यावरून कळत नाही. म्हणून इंजिन १५०० आरपीएमवर ठेवलं, ब्लोअर फुल केला, दारं उघडी टाकली. लो साइड (कॉम्प्रेसरकडे परत येणाऱ्या गॅसचा दाब) ३६, हाय साइड (कॉम्प्रेसरने दाबून पुढे ढकललेल्या गॅसचा दाब) २१५, आतली हवा ९ अंश. गॅसचा प्रश्न इथेच मिटला.

आता बिघाड होईपर्यंत गेज लावून थांबायचं. ही पायरी कुणालाच नको असते, पण निदान इथेच होतं. वाऱ्याचा झोतच कमी झाला तर समजायचं की इव्हॅपोरेटरवर (आतली हवा गार करणारी जाळी) बर्फ धरलाय आणि थर्मोस्टॅट कॉम्प्रेसर वेळेवर तोडत नाही. लो साइडचा काटा शून्याखाली व्हॅक्यूममध्ये गेला तर एक्स्पान्शन व्हॉल्व्हमध्ये (गॅस बारीक भोकातून सोडणारी झडप) ओल गोठते आहे. हाय साइड खूप चढून मग क्लच (कॉम्प्रेसरला पट्ट्यावर फिरणाऱ्या पुलीशी चुंबकाने जोडणारा भाग) सुटला तर प्रेशर स्विचने कॉम्प्रेसर तोडलाय. माझ्याकडे यातलं काहीच झालं नाही. बाविसाव्या मिनिटाला लो साइड वर चढू लागली, हाय साइड खाली येऊ लागली, दोन्ही काटे एकमेकांकडे सरकले. म्हणजे कॉम्प्रेसर फिरायचा थांबला होता, पुली मात्र फिरतच होती.

लगेच क्लचच्या कनेक्टरवर मल्टिमीटर लावला: १३.६ व्होल्ट. करंट येतोय आणि क्लच धरत नाही. थर्मोस्टॅट, रिले, प्रेशर स्विच, सगळे एका फटक्यात निर्दोष. अर्थिंगही नीट होतं.

मग इंजिन बंद केलं आणि बॅटरीवरून, मध्ये १० अँपिअरचा फ्यूज घालून, क्लचला थेट करंट दिला. गार असताना इथे खणखणीत 'टक्' ऐकू येतं. आता काहीच नाही. स्क्रूड्रायव्हरच्या मुठीने क्लचची पुढची प्लेट पुलीकडे दाबली, तशी ती टक्कन चिकटली आणि मूठ काढली तरी चिकटूनच राहिली. कॉइल, म्हणजे क्लचमधला तारेच्या वेटोळ्यांचा चुंबक, जिवंत आहे, फक्त तिला एवढ्या अंतरावरून प्लेट ओढवत नाही. (ही चाचणी चालू इंजिनवर करू नका, पट्टा शेजारीच फिरत असतो.)

फिलर गेजने (ठरावीक जाडीच्या पातळ पट्ट्यांनी) प्लेट आणि पुलीमधली फट तीन ठिकाणी मोजली: १.०५ ते १.१ मिलिमीटर. हवी ०.४ ते ०.६ च्या दरम्यान. नेमका आकडा आपल्या कॉम्प्रेसरच्या मॅन्युअलमध्ये बघावा. वर्षानुवर्षं घासून प्लेट झिजते आणि फट वाढत जाते. शिवाय कॉइल तापली की तांब्याचा रोध वाढतो. माझी कॉइल गार असताना ३.४ ओहम होती, तापल्यावर ४.३. करंट ४ अँपिअरवरून ३.२ वर आला, आणि चुंबकाची ओढ करंटच्या वर्गाने घटते, म्हणजे राहिली जेमतेम ६५ टक्के. त्यात फट दुप्पट. गॅस उगाच जास्त भरला असता तर हाय साइड चढून क्लचवर आणखी ताण आला असता.

दुरुस्ती अर्ध्या तासाची. प्लेट धरून मधला बोल्ट काढला, प्लेट सरळ बाहेर ओढली. अडकली तर कडेने उचकटू नये, वाकते; पुलरच लावावा. आत शाफ्टवर दोन शिम (फट राखणाऱ्या पातळ चकत्या) होत्या, ०.५ आणि ०.१ ची. त्या ग्रीसने प्लेटच्या मधल्या भागाला (हबला) चिकटून येतात आणि नकळत खाली पडतात, तेव्हा खाली कापड अंथरून ठेवा. जाड शिम काढली, दोन्ही तोंडांवरचा लाल गंज पुसला, परत बसवलं. फट तिन्ही ठिकाणी ०.५५ ते ०.६. पुली हाताने फिरवून प्लेट कुठे घासत नाही ना, तेही पाहिलं; फट फारच कमी झाली तर एसी बंद असतानाही प्लेट घासून जळते.

तरी उभ्या गाडीत हाय साइड ३०० पर्यंत जात होती. ऑफ-रोड गाडीत हे हमखास सापडतं: कंडेन्सर (दाबलेला गरम गॅस थंड करणारी पुढची जाळी) समोरून स्वच्छ, पण तो आणि रेडिएटर यांच्या मधल्या फटीत सुकलेल्या चिखलाचा थर. वरचे ब्रॅकेट सोडून कंडेन्सर दोन बोटं पुढे झुकवला, पाइपवर ताण न देता, आणि साध्या नळीने मागून पुढे पाणी सोडलं. प्रेशर वॉशर नको, पत्र्याच्या बारीक पात्या आडव्या होतात. लाल पाणी निवळायला वीस मिनिटं लागली. त्यानंतर हाय साइड २३० वर स्थिरावली.

दुपारच्या उन्हात सव्वा तास एसी सलग चालवून पाहिला. क्लच एकदाही सुटला नाही. शाफ्टवर आता ०.१ ची एकच शिम उरली आहे. पुढच्या खेपेला फट वाढली तर शिम काढून भागणार नाही, प्लेट, पुली आणि कॉइल असा पूर्ण क्लच सेटच घ्यावा लागेल.